केलेनची घंटी

गुल्वेनला शेवटचा निरोप द्यायला सगळा गाव चर्चमध्ये जमला होता, तेव्हा पाद्रीबाबांनी मला पुढे बोलावलं. तुम्ही त्यांचे चाळीस वर्षांचे सोबती, दोन शब्द बोला, म्हणाले. मी उठलो, खोकलो, टोपी हातात दोनदा फिरवली आणि परत जागेवर जाऊन बसलो. मागच्या बाकावर कॅफेवाला फान्श शेजाऱ्याच्या कानाशी पुटपुटला, पण ऐकू सगळ्यांना आलं, की या पोस्टमनने गावाची सगळी पत्रं पोचवली, स्वतःचं तेवढं राहिलं. दोनचार जण हसले. मला वाईट वाटलं नाही. गुल्वेनही हसला असता.

ते राहिलेलं इथं लिहून ठेवतो. मला लिहिण्याची सवय नाही, आणि जे सांगायचं त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही. तरी सांगितलं पाहिजे.

गुल्वेन ग्रॅनाइटच्या खाणीत होता. चौदाव्या वर्षी छिन्नी हातात घेतली. पुढे भोकं पाडायची यंत्रं आली, आणि दिवसाचे आठ तास ते यंत्र पोटाशी दाबून उभं राहणं एवढंच काम उरलं. संध्याकाळी कॅफेत आला की पहिला तासभर तो सगळ्यांशी ओरडून बोले. आम्ही म्हणायचो, खाणकामगारांचा आवाजच मोठा. कानांचा विचार तेव्हा कोणी केला नाही. त्यानेही नाही.

रविवारी मात्र तो दुसराच माणूस असे. नोव्हेंबर लागला की उत्तरेकडून बेकास येतात. लांब चोचीचा, वाळल्या पानांच्या रंगाचा पक्षी. पाचोळ्यात बसला की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. आमच्या ब्रेतान्यच्या, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या, जंगलात हॉलीची काटेरी झुडपं माणसाच्या छातीपर्यंत असतात, त्यात माणूस घुसू शकत नाही, कुत्रं घुसतं. कुत्रंही दिसेनासं होतं, म्हणून त्याच्या गळ्यात घंटी बांधायची. घंटी वाजते तोवर कुत्रं शोधतंय. घंटी थांबली म्हणजे त्याला पक्ष्याचा वास लागला आणि ते जागच्या जागी दगडासारखं उभं राहिलं. घंटी थांबणं ही आमच्याकडे आनंदाची गोष्ट. तेव्हा बोलायचं नाही, शीळ घालायची नाही, कुत्र्याला हाक तर अजिबात मारायची नाही. लांबून वळसा घालून समोरच्या बाजूने हळूहळू जायचं.

गुल्वेन तेव्हा हातमोजे काढून खिशात ठेवी आणि क्षणभर नुसताच उभा राही. "शिकार ती एवढीच," म्हणायचा. "पुढचं काय, बंदुकीचं काम." माझ्याबद्दल म्हणायचा की जोबच्या बंदुकीतून आजवर फक्त पावसाचं पाणी बाहेर पडलंय. ते बरंचसं खरं होतं. मी बंदूक खांद्यावर घेऊन जायचो ते त्याच्याबरोबर चालायला मिळावं म्हणून.

पहिल्याच वर्षी त्याने मला एक गोष्ट शिकवली होती. घंटी थांबते कशी, ते ऐकायचं. "कुत्रं वासावर आलं की दबकत जातं, म्हणून घंटीपण दबकत जाते. दोन ठोके, मग एक, मग अर्धा. मग गप्प. पण एकदम थांबली ना, तर समज काहीतरी अडलंय. कुंपण असेल, तार असेल. तेव्हा वळसा-बिळसा नाही. तेव्हा धावायचं." मी मान डोलावली. त्याच्या कानांवर माझा इतका भरवसा होता की हे मला कधी लागेल असं वाटलं नाही.

केलेन त्याची शेवटची कुत्री. ब्रेतान्य जातीची स्पॅनियल, पांढरी, अंगावर नारिंगी ठिपके, आणि शेपूट जन्मापासूनच नाही, नुसती बोटभर गाठ. केलेन म्हणजे आमच्या भाषेत हॉलीचं झुडूप. जत्रेतून तिला कोटाच्या खिशात घालून त्याने बसने आणलं, तर ती खिशात ओकली. त्याची बायको नाईग दारातच उभी राहिली. तिने सांगितलं की हे घर आहे, तबेला नाही, कुत्रं अंगणात राहील. पहिल्या रात्री केलेन अंगणात राहिली. दुसऱ्या रात्री उंबऱ्यावर. तिसऱ्या दिवशी मी टपाल घेऊन गेलो तर ती चुलीजवळच्या बाकाखाली नाईगच्या जुन्या लोकरी शालीवर झोपलेली, आणि नाईग मला म्हणाली, "बूट वाजवू नकोस, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

त्यांची एकुलती एक मुलगी, सोआझिग, त्याच वर्षी कामासाठी पॅरिसला गेली होती. नाईगने तसं कधी म्हटलं नाही, पण तिचं सगळं बोलणं त्यानंतर कुत्रीशी सुरू झालं. शुक्रवारी ती कुट्टूच्या पिठाची धिरडी घालायची. पहिलं धिरडं तव्याला चिकटतं, फाटतं. ते आमच्याकडे घरोघर कुत्र्याचं असतं. नाईग त्याला खारं लोणी लावून द्यायची. गुल्वेन कुरकुरायचा की मला लोणी मोजून आणि हिला बोटभर जाड. नाईग म्हणायची, "ती माझं ऐकते तरी."

आता कानांचं. केलेन सहा वर्षांची असेल. नोव्हेंबरातली सकाळ, धुकं होतं. केलेन आमच्यापासून तीस पावलांवर झुडपात होती आणि घंटी स्वच्छ वाजत होती. गुल्वेन अचानक थांबला. हातमोजे काढून खिशात ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा आनंद आला. हळूच मला म्हणाला, "थांबली."

घंटी वाजत होती. मला ती इतकी साफ ऐकू येत होती की क्षणभर मला माझ्याच कानांची शंका आली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

"हो," मी म्हणालो.

ते माझं पहिलं खोटं. आम्ही वळसा घातला, समोरून गेलो, आणि केलेन झुडपातून बाहेर येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली, की तुम्ही इथं काय करताय. घरी येताना वाटेत गुल्वेन एवढंच म्हणाला की उडाला असेल.

पुढच्या रविवारी केलेनच्या गळ्यात मोठी, जाड आवाजाची घंटा होती. गाईच्या गळ्यातली. फान्शच्या कॅफेत तर त्या दिवशी नुसता धुमाकूळ झाला. फान्शने दारातच विचारलं, "काय गुल्वेन, दूध किती देते रे?" कोणी म्हणालं की बेकासला वाटेल कळप चरायला आला, कोणी म्हणालं की पुढच्या वर्षी बैलावर बसून ये. गुल्वेन हसत होता, पण त्यातलं निम्मं त्याला ऐकू आलं नव्हतं. ते मला दिसत होतं, कारण तो आधी माझ्याकडे बघायचा आणि मी हसलो की हसायचा.

त्या घंटेने एक हंगाम भागला. नंतर तिचाही आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. आमच्यात काही ठरलं नाही, आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही, पण जंगलात तो माझ्या हाताकडे बघून चालू लागला. घंटा डावीकडे वाजली की मी डावं बोट हलवायचो. उजवीकडे गेली की उजवं. थांबली की हात वर. मोठी घंटा झुडपात अडकायची, म्हणून मग त्याने जुनी छोटी घंटीच परत बांधली. आता ती कोणासाठी वाजते ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

एकदा वाटेत बसून भाकरी खाताना तो आपणहून म्हणाला, "गंमत आहे जोब. मला आता चोवीस तास घंटी थांबलेलीच ऐकू येते. माझ्यासाठी केलेन कायम पक्ष्यावर उभीच." मी माझ्या भाकरीतला अर्धा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

घरात केलेनच त्याचे कान झाली. दार वाजलं की ती त्याच्या गुडघ्यावर पाय ठेवायची आणि दाराकडे तोंड करायची. नाईग स्वयंपाकघरातून हाका मारून दमली होती. ती केलेनला म्हणायची, "जा, म्हाताऱ्याला जेवायला घेऊन ये." केलेन बागेत जायची, त्याच्या पँटचा पाय दातात धरायची, आणि तो कुदळ टाकून निमूट यायचा. शहरातल्या डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते शीळ घालायचं म्हणून केलेन त्याच्या समोर येऊन बसायची आणि हुकमाची वाट बघायची. शेवटी त्याने ते कपाटात ठेवून दिलं.

फान्श आमच्या शिकारमंडळाचा अध्यक्ष होता. माणूस वाईट नव्हता. हंगाम सुरू होण्याआधीच्या बैठकीत तो गुल्वेनच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "गुल्वेन, तुझ्या बंदुकीचा चाप मोडलाय." मी टेबलाखालून गुल्वेनच्या पायाला पाय लावला. तो चटकन मागे वळला, पण उशीर झाला होता. फान्शने त्याच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत सांगितलं की ज्याला कुत्र्याची घंटी ऐकू येत नाही त्याला जंगलात बंदूक देता येणार नाही. कधी कुत्रं मारशील, कधी माणूस. हा हंगाम शेवटचा, तोही जोब बरोबर असेल तरच. गुल्वेनने ग्लास संपवला आणि म्हणाला, बरं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "एक बेकास मिळू दे. एक. केलेनने धरलेला. मग बंदूक मीच नेऊन देतो त्याला."

तेवढंच त्याचं मागणं होतं. आणि त्या वर्षी पक्षी आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. थंडी उशिरा पडली. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, जानेवारी संपत आला. केलेन नऊ वर्षांची झाली होती, दुपारनंतर मागचा पाय ओढायची. मंडळातल्या बाकीच्यांच्या टोप्यांत एकदोन पिसं आली होती. बेकासच्या पंखाच्या टोकाला एक इवलंसं टोकदार पीस असतं, ते काढून टोपीत खोवायची आमची रीत. गुल्वेनच्या टोपीत त्या वर्षीचं एकही नव्हतं.

शेवटचा रविवार आला. दहिवर गोठलं होतं, पायाखाली पाचोळा काचेसारखा मोडत होता. आम्ही जुन्या खाणीमागच्या उतारावर गेलो. केलेन हॉलीत शिरली. घंटी वर गेली, उजवीकडे वळली, मी बोट हलवत होतो. दहा मिनिटं गेली असतील.

मग घंटी एकदम जोरात खणखणली, दोनतीनदा, झटका दिल्यासारखी. आणि थांबली.

दबकली नाही. नुसती थांबली.

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि मनात म्हटलं की तुला काय कळतंय. थंडीत हवा अशी असते की आवाज भलतेच ऐकू येतात. आजवर तू कधी बरोबर ओळखलंयस. पक्षी जवळच असेल, ती दचकून थांबली असेल. गुल्वेन माझ्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं, हात बंदुकीवर. शेवटचा रविवार होता. मी हात वर केला.

त्याने हातमोजे काढले आणि खिशात ठेवले.

आम्ही वळसा घातला. खालून, ओढ्याच्या काठाने, मोठा वळसा, रीतीप्रमाणे. बोललो नाही. शीळ घातली नाही. उतारावर पाचोळा वाजू नये म्हणून तो एकेक पाऊल टेकवत होता आणि मी त्याच्या मागे. मधे तो एकदा थांबला, माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या, अजून गप्पच ना? मी मान हलवली. अजून गप्प. इतका वेळ ती कधी पक्ष्यावर उभी राहिली नव्हती, आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता ते मला त्याच्या पाठीवरूनही कळत होतं. पंधरा मिनिटं लागली असतील आम्हाला.

तिला पहिल्यांदा त्यानेच पाहिलं. झुडपाच्या मुळाशी, जनावरांच्या पायवाटेवर, तारेचा फास होता. कोणी कोल्ह्यासाठी लावला असेल, कोणी रानडुकरासाठी. तार तिच्या गळपट्ट्याच्या वर बसली होती आणि घंटी तारेखाली दाबली गेली होती. जमीन चारी पायांनी उकरलेली होती. अंग अजून गरम होतं.

गुल्वेनने खिशातला चाकू काढला, पण तार कापायचा प्रयत्न केला नाही. नुसत्या बोटांनी फास सैल केला. घंटी मोकळी झाली आणि एकदा वाजली. ती त्याला ऐकू आली नाही, मला आली.

त्याने कोट काढून तिला त्यात गुंडाळलं आणि पोटाशी धरलं, जसं ते यंत्र धरायचा तसं. घरापर्यंत मी दोन्ही बंदुका घेऊन मागे चालत होतो. नाईगने दार उघडलं. तिने कोट पाहिला आणि बाजूला झाली. म्हणाली, "बाकावर ठेव. खाली नको, फरशी गार आहे."

संध्याकाळी गुल्वेनने बागेत सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा खणला. जमीन दगडासारखी झाली होती, पण दगडाची त्याला सवय होती. दुसऱ्या दिवशी बंदूक कॅफेत नेऊन त्याने फान्शच्या समोर ठेवली. फान्श म्हणाला की बंदूक ठेव रे, परवान्याचा कागद तेवढा दे. गुल्वेनने ते ऐकलं नाही, की ऐकायचं नव्हतं, माहीत नाही. तो निघून गेला. फास कोणी लावला याची गावात बरीच चौकशी झाली. काहीच कळलं नाही.

मी मात्र त्याच्या घरी जायचं टाळू लागलो. टपाल पेटीत टाकायचो आणि सायकल दामटायचो. लोक मलाच म्हणायचे, तुझ्यामुळे बिचाऱ्याला तीन वर्षं जंगल मिळालं, चांगला मित्र आहेस. ते ऐकलं की मी पिशवीतली पत्रं उगाच चाळू लागायचो.

असे दोन हिवाळे गेले. एका शुक्रवारी सोआझिगचं पत्र आलं, सही घ्यावी लागणारं. आत जावंच लागलं. नाईग चुलीपाशी होती. गुल्वेन टेबलाशी बसला होता, खूप वाळला होता. केलेन गेल्यापासून त्याला दार वाजलेलं कळत नसे, म्हणून तो दिवसभर दाराकडे तोंड करून बसायचा. आता त्याला अजिबात ऐकू येत नव्हतं. सोआझिगची शाळेतली पाटी त्यांनी माळ्यावरून काढली होती, सांगायचं ते तिच्यावर लिहायचं. त्याने पाटी माझ्याकडे सरकवली. "काय म्हणतो गाव? लिही," म्हणाला, मोठ्या आवाजात.

मी खडू हातात घेतला. गावाबद्दलच लिहायचं होतं. पण हाताने लिहिलं ते असं: त्या दिवशी घंटी दबकली नव्हती. एकदम थांबली होती. मला कळलं होतं.

मी पाटी त्याच्याकडे फिरवली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाहीने पाटी पुसली, कोपऱ्यांतसुद्धा.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. या वेळी आवाज मोठा नव्हता. स्वतःचा आवाज ऐकू येत नसताना माणूस इतकं हळू कसं बोलतो, मला अजून कळलेलं नाही. "तुझा हात वर होता जोब, पण तोंड तसं नव्हतं. तोंड मला दिसलं होतं. मी हाताकडेच बघायचं ठरवलं. मला तो पक्षी हवा होता."

मी खडू पाटीच्या चौकटीवर ठेवला. "मीच शिकवलं होतं ना तुला," तो म्हणाला. "कधी धावायचं ते." आणि खिडकीतून सफरचंदाच्या झाडाकडे बघू लागला.

नाईग आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पाटीवरचं सोडून, आणि तेही तिला कळलं असणार. तव्यावरचं धिरडं तिने उलथलं, ते फाटलं. दोन वर्षं ती पहिलं धिरडं कोंबड्यांना टाकत होती हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तिने ते बशीत घेतलं, त्यावर बोटभर जाड खारं लोणी फासलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"खा," म्हणाली. "गार होईल."

गुल्वेनने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर तो गेला त्या महिन्यापर्यंत, एकूण चार वर्षं, दर शुक्रवारी मी तिथे जात होतो. पहिलं धिरडं माझं असायचं. ते कधीच नीट निघत नसे.